वनस्पती तूप आणि उत्प्रेरकाची निवडकता

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

वनस्पती तुपातील ट्रान्स मेदाविषयीचा आपल्या दैनिकातील लेख आमच्या भागात आवर्जून वाचला गेला, कारण सरकी आणि सोयाबीन ही आमच्याच शेतांतली पिके. मात्र लेखात सारा दोष हायड्रोजनीकरणाच्या, म्हणजे तेलाला हायड्रोजन जोडून ते घट्ट करण्याच्या प्रक्रियेच्या, माथी मारला आहे, ते मला अपुरे वाटते; उत्प्रेरक (अभिक्रिया घडवून आणणारा पदार्थ) कोणता बंध निवडतो, हेही पाहायला हवे.

तेलाचा रेणू निकेल या उत्प्रेरक धातूच्या कणावर टेकला की त्याच्या दुहेरी बंधाला आधी एकच हायड्रोजन अणू जोडला जातो. दुसरा लगेच मिळाला तर तो बंध संपृक्त, म्हणजे एकेरी, होतो. पृष्ठभागावर हायड्रोजनची टंचाई असेल, तर रेणू पहिला अणू परत देतो आणि सुटताना पुष्कळदा ट्रान्स रूप (दुहेरी बंधापाशी वाकण्याऐवजी सरळ झालेली मांडणी) घेऊन बाहेर पडतो. लवकर खवट होणारे लिनोलेनिक आम्ल कमी व्हावे, पण तेल फार घट्ट होऊ नये, यासाठी तापमान जास्त व हायड्रोजनचा दाब कमी ठेवावा लागतो, आणि दुर्दैवाने ट्रान्स मेद वाढवणारी परिस्थितीही नेमकी तीच आहे.

धातूचा कण काही नॅनोमीटरइतका लहान केला की त्याच्या कडा-कोपऱ्यांवरील अणूंचे प्रमाण वाढते आणि रेणू कसा व किती घट्ट चिकटेल, हेही बदलते. प्लॅटिनमवर निकेलपेक्षा ट्रान्स मेद कमी तयार होतो, पण संपृक्त मेद वाढतो. किमतीबद्दल तर बोलायलाच नको. उत्प्रेरकाची निवडकता बदलता येते, याची उदाहरणे तेलाबाहेरही आहेत. पॅलेडियम या धातूला शिशाची जोड दिली की तिहेरी बंधावरील अभिक्रिया दुहेरी बंधापाशी थांबते, हे रसायनशास्त्रज्ञ लिंडलर यांनी १९५२ मध्ये दाखवले. टायटॅनियम डायऑक्साइडवरील सोन्याचे नॅनोकण नायट्रो गटाला (रेणूतील नायट्रोजन-ऑक्सिजनच्या अणुगटाला) हायड्रोजन देतात, त्याच रेणूतील दुहेरी बंधाला मात्र सहसा धक्का लावत नाहीत, हे २००६ मध्ये प्रसिद्ध झाले; दागिन्यात इतके निष्क्रिय राहणारे सोने ते हेच.

२०२२ पासून देशात खाद्यतेल व वनस्पती तुपातील औद्योगिक ट्रान्स मेदावर २ टक्क्यांची मर्यादा आहे. आमच्याकडील महाविद्यालयांत विद्यार्थी तेलाचा आयोडीन अंक काढतात, पण त्यावरून दुहेरी बंध किती उरले एवढेच कळते, त्यांचे रूप कळत नाही. ते अवरक्त वर्णपटमापकावर दिसते. हे यंत्र विद्यापीठाच्या विभागांत असते. ग्रामीण महाविद्यालयांतील बी.एस्सी.च्या विद्यार्थ्यांना ते सत्रातून एकदा तरी हाताळू द्यावे, अशी विनंती आपल्या दैनिकाद्वारे करीत आहे.

आपला,
रसायनशास्त्राचा एक शिक्षक,
दारव्हा, जि. यवतमाळ