बाबा, सोमवारपासून हात मनातही चालवायचा आहे

ती. बाबा आणि आई,
सा. न.

परवा फोनवर विषय काढला तेव्हा बाबा, तुम्ही "बघू" म्हणालात. तुमच्या "बघू"चा अर्थ आईलाही कळतो आणि मलाही, म्हणून सविस्तर लिहितेय. खरं तर बघण्यासारखं आता फारसं उरलेलं नाही. फिजिओथेरपिस्टशी माझं बोलणं झालंय. सोमवारपासून रोजच्या व्यायामाला मोटर इमेजरीची, म्हणजे मनातल्या मनात हालचाल करण्याच्या सरावाची, जोड द्यायची, हे नक्की केलंय. रागावू नका. तुम्हाला आधी विचारलं असतं, तर आईची दमणूक आणि माझा खर्च पुढे करून तुम्ही नको म्हणाला असतात. पक्षाघाताच्या अटॅकनंतरचे हे महिने मला तसे जाऊ द्यायचे नाहीत.

हात न हलवता तो हलतोय असं आतून अनुभवायचं, एवढंच करायचं आहे. "मनातले मांडे" असं तुम्ही म्हणणार हे मी धरूनच चाललेय. पण पुराव्याशिवाय न बोलणाऱ्या माणसाची मी मुलगी आहे. १९९५ साली मेंदूचे संशोधक अल्वारो पास्कुआल-लिओने आणि सहकाऱ्यांनी पियानो न येणाऱ्या लोकांना पाच बोटांची एक सुरावट दिली. काहींनी पाच दिवस रोज दोन तास ती प्रत्यक्ष वाजवली. काही जण तेवढाच वेळ पियानोसमोर बसले, पण बोट न हलवता मनातच वाजवत राहिले. शेवटी बोटांचा ताबा असलेला मेंदूतला भाग दोन्ही गटांत जवळजवळ सारखाच विस्तारलेला दिसला. वाजवण्यात मात्र मनात सराव करणारे मागे होते. खरे वाजवणारे तिसऱ्या दिवशी जिथे होते, तिथे हे पाचव्या दिवशी पोहोचले. मग त्यांना एकदा दोन तास प्रत्यक्ष वाजवायला दिलं आणि त्यांनी ती कसर भरून काढली. मला तुमच्यासाठी हेच हवंय. मनातला सराव मेंदूची तयारी करेल, आणि हात हलवायची वेळ आली की ती तयारी कामी येईल.

म्हणूनच थेरपिस्टचा खरा व्यायाम एक दिवसही चुकवायचा नाही. पक्षाघात झालेल्या १२१ जणांवरच्या २०११ सालच्या एका अभ्यासात मनातल्या सरावाचा काही फायदा दिसला नाही, आणि तिथे तो प्रत्यक्ष हालचालींशी जोडलेला नव्हता. उलट २०२० साली कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे पडताळणाऱ्या संस्थेने २५ अभ्यास एकत्र तपासले. नेहमीच्या उपचारांना मनातल्या सरावाची जोड दिली तर हात बहुधा अधिक सुधारतो, असं त्यात आढळलं. "बहुधा" हा शब्द मी मुद्दाम ठेवलाय बाबा. तुम्हाला खोटी आशा दाखवणं मला जमणार नाही.

तुमच्यासाठी मी माझ्याच आवाजात रेकॉर्डिंग केलंय. व्यायाम संपला की खिडकीजवळच्या खुर्चीत बसा. कोपराखाली मऊ उशी, पाय जमिनीवर टेकलेले, चष्मा काढून ठेवलेला. पंखा हळू ठेवा, मान अवघडू देऊ नका. सुरुवातीला पाच मिनिटं पुरे, पुढे थेरपिस्ट सांगतील तसं वीसपर्यंत न्यायचं. आधी चांगल्या हाताने खरंच पाण्याचा पेला उचलून ओठांपर्यंत न्या आणि किती वेळ लागला ते लक्षात ठेवा. मग डोळे मिटून तोच पेला उजव्या हाताने उचला, मनात. स्वतःला लांबून, फोटोत बघितल्यासारखं बघायचं नाही. खांदा पुढे जातोय, बोटं उघडताहेत, पेल्याचा गारवा तळव्याला लागतोय, मनगटावर वजन येतंय, असं आतून जाणवलं पाहिजे. घाई नको. मनातल्या हालचालीलाही खऱ्या हालचालीएवढाच वेळ लागायला हवा. तुम्ही दोन सेकंदांत पेला रिकामा केलात, तर ती नुसती कल्पना झाली, सराव नाही.

पहिले काही दिवस हात मनातही जागचा हलत नाही असं वाटेल, किंवा मध्येच कुठेतरी हरवेल. घाबरू नका. मेंदूच्या काही भागांना इजा झाली असेल तर अशी कल्पना करणंच अवघड जातं. म्हणून तर थेरपिस्टने त्या दिवशी तुम्हाला हातांची चित्रं दाखवून उजवा कोणता, डावा कोणता असं विचारलं होतं. ती काही तुमच्या बुद्धीची परीक्षा नव्हती. तुम्ही त्या दिवशी गप्प झालात, असं आई म्हणाली. तेव्हापासून हे सांगायचं मनात होतं.

मी अक्षरं गिरवत होते तेव्हा तुम्ही माझ्या मुठीवर मूठ ठेवून पेन्सिल चालवायचात. "क"चा गोळा बिघडला तरी कधी हात सोडला नाहीत, पाटी पुसून पुन्हा सुरू. मला आता तेवढंच तुमच्याजवळ बसायचं आहे. इथून ते जमत नाही, म्हणून निदान माझा आवाज तरी तिथे असू दे.

आई, आता तुला. तू प्रेमानेच करतेस हे मला माहीत आहे, तरी त्यांच्या शर्टाची बटणं लावून द्यायची नाहीत. पहिलं बटण ते आधी मनात लावतील, मग खरं. दहा मिनिटं लागली तरी चालतील. तू तोवर बाहेर जाऊन बस. रेकॉर्डिंग चालू असताना टीव्ही बंद, आणि मध्ये "काही जाणवलं का?" म्हणून विचारायचं नाही. खांदा दुखला, ते दमले किंवा वैतागले, तर त्या दिवशी तिथेच थांबवायचं. रक्तदाबाची गोळी चुकता कामा नये. तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं किंवा हातपाय अचानक आणखी लुळे पडले, तर मला फोन नंतर, आधी रुग्णवाहिका. आणि तुझ्या गुडघ्याचं ते मागच्या वेळचं विसरू नकोस, त्यांना एकटीने उठवायला जाऊ नकोस.

रेकॉर्डिंग बाबांच्या फोनवर पाठवलंय, पहिल्याच पानावर दिसेल. माझा आवाज फार भरभर वाटला तर सांगा, पुन्हा करून पाठवेन. सोमवारी संध्याकाळी फोन करेन. तेव्हा पेला उचलताना कुठलं बोट आधी जाणवलं ते बाबांनी स्वतः सांगायचं, आईने नाही.

तुमची लाडकी,
धाकटी