गोंद उघडण्याआधी

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

छकुलीसाठी आणलेलं लाकडी बाहुलीघर रविवारी एका बैठकीत जोडून टाकतो म्हणालास, तेव्हापासून मला राहवत नाहीये. एका बैठकीत नको रे जोडूस.

तू आठ वर्षांचा असताना आपण असंच घर केलं होतं. तुला कधी एकदा खेळतो असं झालेलं, आणि मीही भराभर भिंती चिकटवत गेले. छप्पर बसलं तेव्हा कळलं, जिन्यामागच्या खोलीत कागद लावायला हातच जात नाही. ती भिंत कोरीच राहिली. तू काही बोलला नाहीस, पण पलंग त्या खोलीत कधी ठेवला नाहीस. ते मला अजून लागतं.

म्हणून आधी गोंद लांब ठेव. तुकडे नंबराप्रमाणे लाव, नुसत्या मास्किंग टेपवर घर उभं कर आणि प्रत्येक खोलीत हात घालून बघ. जिथे हात पोचणार नाही तिथला रंग, कागद, दिव्याची वायर, सगळं भिंत टेबलावर आडवी असतानाच उरकायचं. वायर आधी, कागद नंतर. कडांवरून २२० नंबरचा पॉलिश पेपर हलकेच फिरव. खाचांत आणि चिकटायच्या कडांवर मात्र रंग जाऊ देऊ नकोस; गोंद कोऱ्या लाकडालाच नीट धरतो, आणि रंगाच्या थराने खाच इतकी घट्ट होते की फळी आत जात नाही. पातळ प्लाय एकाच बाजूने रंगवला की वाकतो, तेव्हा प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा हात, दोन्हीकडून. चिकटवताना कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे ना बघ, मग २४ तास हात लावायचा नाही. छकुलीला हे कठीण जाईल. तेवढ्यात तिला कागद निवडू दे, फक्त नक्षी बारीक हवी. मोठ्या फुलांनी खोली आणखीच लहान दिसते.

किटचं माप कळव. बहुतेक १:१२ असेल, म्हणजे खऱ्या घरातल्या फुटाला इथे एक इंच. इंग्लंडमधल्या विंडसर कॅसलमधलं, तिथल्या राणीचं, क्वीन मेरीचं, १९२४ सालचं बाहुलीघर, ज्यात नळाला खरं पाणी येतं, तेही याच मापाचं. आपलंही तेच होतं. तो पलंग मी जपून ठेवलाय, सहा इंचांचा. माप जुळलं तर लगेच पाठवते.

तुझी,
आई