मंत्री महोदय, पाटीमागे माणूस उभा करा

मा. कामगार मंत्री महोदय,
स. न. वि. वि.

बांधकामांवर रात्री चालणाऱ्या रेडिओग्राफीची (किरणांनी वेल्डिंगच्या जोडातले दोष फिल्मवर टिपण्याच्या कामाची) अचानक तपासणी होईल आणि माणसांना बंदी असलेल्या हद्दीवर राखण नसेल तिथले काम थांबवले जाईल, असा शब्द तुमच्या खात्याने दिला होता. मुदत उलटली, तपासणी झाली नाही. धोक्याच्या पाट्या लावा, असे परिपत्रक मात्र निघाले. ठेकेदारांनी पाट्यांचे फोटो पाठवले आणि फाइल बंद झाली. आमच्यापैकी काही जण वेल्डिंगचे जोड तपासायला किरणोत्सारी सोर्स हाताळतात, काही जण त्याच इमारतीत वरखाली राबतात. त्या फोटोंमध्ये काय दिसत नाही, ते आम्ही सांगतो.

इरिडियम-१९२ या किरणोत्सारी धातूचा २० क्युरी ताकदीचा सोर्स कॅमेऱ्यातून, म्हणजे किरण अडवणाऱ्या जाड डब्यातून, बाहेर आला की एक मीटरवर ताशी सुमारे ९५ मिलिसिव्हर्ट किरणांची मात्रा असते. सामान्य माणसाला वर्षभरात चालणारी मर्यादा १ मिलिसिव्हर्ट आहे. म्हणजे त्याचा वर्षाचा वाटा तिथे पाऊण मिनिटाच्या आत संपतो. हद्दीवर ताशी ७.५ मायक्रोसिव्हर्ट (मायक्रो म्हणजे मिलीचा हजारावा भाग) हा आकडा बऱ्याच ठिकाणी धरतात. तो गाठायला मोकळ्या सोर्सपासून सुमारे ११० मीटर लांब जावे लागते. टंगस्टनचा कॉलिमेटर (किरण ठरलेल्या दिशेलाच सोडणारे कवच) लावला तर हे अंतर बरेच घटते, पण फक्त कॉलिमेटरने अडवलेल्या दिशांना. शिवाय क्रँक (हातदांडा) फिरवून केबलने सोर्स गाइड ट्यूबमधून, म्हणजे जोडापर्यंतच्या नळीतून, जाताना आणि परत येताना उघडाच असतो. आणि आमच्या साइटवर हद्दीची टेप कुठे बांधलेली असते? जिथे बांधायला खांब सापडला तिथे.

सोर्स बदलतो तेव्हा तर कोणी हिशेबच करत नाही. इरिडियम ७४ दिवसांत निम्मा होतो. जुना २० क्युरीवर आलेला सोर्स जाऊन नवा ८० क्युरीचा आला की हद्द दुप्पट लांब न्यावी लागते. टेप मात्र आहे तिथेच राहते, कारण पाटीवर ना तारीख असते, ना सोर्सची ताकद, ना मोजलेले अंतर.

टेप जमिनीवर असते, किरण मात्र वर आणि खालीही जातात. इरिडियमचे किरण निम्मे व्हायला साधारण पाच सेंटिमीटर काँक्रीट लागते. १५ सेंटिमीटरचा स्लॅब आठवा हिस्सा आरपार सोडतो. तळमजल्यावर पाटी झळकत असते आणि वरच्या मजल्यावर गवंडी, पराचीवर रंगारी, केबिनमध्ये क्रेनचालक. क्रेनचालकाला तर इशारा ऐकू आला तरी पटकन उतरता येत नाही. त्याला एक्स्पोजरच्या आधीच खाली आणायला हवे. जिना, लिफ्ट, पराचीची शिडी, शेजारच्या भूखंडाकडचे तुटके कुंपण, यातली एकही वाट मोकळी राहिली तर हद्द उरत नाही.

परिपत्रकाने आणखी एक घोळ घातला. लाल त्रिकोण, किरणांच्या रेषा, कवटी आणि पळणारा माणूस असलेले चिन्ह २००७ मध्ये आले. ते मोठ्या सोर्सच्या उपकरणावर, तो उघडू पाहणाऱ्याला दिसेल असे लावायचे असते. आमच्याकडे ते फाटकावर छापून लावले आहे, दिवसरात्र, काम असो वा नसो. बारा महिने टांगलेल्या पाटीवर कोण विश्वास ठेवील? सोर्स बाहेर येण्याआधी पाटी लागली पाहिजे, आत गेल्याची किरण मोजणाऱ्या मीटरने खात्री झाली की ती काढली पाहिजे. मजकूर त्या साइटवरच्या मजुरांच्या भाषेत हवा. अंधारात वाचता यावा म्हणून दिवा हवा, एक्स्पोजरआधी भोंगा हवा.

हे सगळे करायला रात्री किती माणसे असतात? दोन. एक क्रँकवर, दुसरा फिल्म लावायला. चार वाटा राखायच्या कोणी? सोर्सची केबल सुटली तर क्रँक पूर्ण फिरते, सोर्स आत आल्यासारखा वाटतो आणि तो ट्यूबमध्येच राहतो. ते फक्त सर्व्हे मीटर सांगतो. घाईत मीटर पेटीत राहिला की पुढचे काय होते, ते जगाने पाहिले आहे. १९८४ मध्ये मोरोक्कोत मोहम्मदिया इथे असा सुटलेला सोर्स एकाने घरी नेला आणि आठ जण मेले. डब्यावर इशारा होता, सोर्सवर काही नव्हते. १९९९ मध्ये पेरूतल्या यानांगो जलविद्युत प्रकल्पात एका वेल्डरने सोर्स खिशात घातला. त्याचा पाय कापावा लागला.

आमचा खरा राग इथे आहे. सर्वात कमी दराची निविदा तुम्ही मंजूर करता. त्या दरात राखणदार बसत नाही, हे निविदा उघडणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. अपघात झाला की निलंबन होते क्रँक फिरवणाऱ्याचे. दर ठरवणारा, रात्रीतच काम उरका म्हणणारा, फोटो बघून सही करणारा, यांच्यापैकी कोणालाही नोटीस जात नाही. आम्ही मात्र छातीवर किरणांची मात्रा नोंदणारा बॅज लावून त्याच्या अहवालाची वाट बघतो. शेजारच्या मजल्यावरच्या गवंड्याला तर बॅजही नाही.

प्रत्येक वाटेवर एक राखणदार, आणि त्याचा खर्च निविदेत वेगळ्या रकान्यात, म्हणजे कोणाला तो कापता येणार नाही. एक्स्पोजरआधी वरचे-खालचे मजले रिकामे केल्याची मुकादमाची सही. पाटीवर तारीख, क्युरी आणि अंतर. आणि दिलेल्या शब्दाप्रमाणे रात्रीची तपासणी, मीटर हातात घेऊन, हद्दीवर चालत जाऊन. तपासणीची तारीख फक्त तुमच्या अधिकाऱ्यांना कळवा, ठेकेदाराला नको.

आपले,
बांधकामावरचे रेडिओग्राफर, वेल्डर आणि गवंडी