हात लावायच्या कामांचे मार्क शेवटच्या दिवशी द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

फेब्रुवारी-मार्च आला की कला महाविद्यालयांच्या वार्षिक प्रदर्शनांच्या बातम्या आपल्या अंकात येतात. उद्घाटन कोणाच्या हस्ते झालं, व्यासपीठावर कोण कोण होतं, सगळं सविस्तर. मुलांनी काय केलं ते एका ओळीत. हल्ली त्या ओळीत ‘इंटरॅक्टिव्ह इन्स्टॉलेशन’, म्हणजे बघणारा जवळ आला किंवा त्यानं हात लावला की चालणारी मांडणी, असतं आणि शेजारी सेल्फी काढणाऱ्या पाहुण्यांचा फोटो. त्या एका ओळीमागची खटपट मी जवळून बघतो, म्हणून हे पत्र.

मी निवृत्त वायरमन. मिरजेत गणपतीचे हलते देखावे करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. गाडीच्या वायपरची बारा व्होल्टची मोटर, तिला एक कॅम, म्हणजे फिरता फिरता दांडा उचलणारं लंबगोल चाक, की राक्षसाची गदा वर-खाली! अलीकडं आमच्या भागातल्या एका कला महाविद्यालयातली मुलं प्रदर्शनाआधी बोलावतात, “काका, एवढं जरा बघून जा.” देखाव्याचं आणि या कामाचं गोत्र एकच, पण देखाव्यापुढं दोरी बांधलेली असते. माणूस अलीकडं, मोटर पलीकडं. इथं बघायला आलेला माणूस हाच स्विच. तो एकटा येईल की शाळेची सहल येईल, बटण हळूच दाबेल की बुक्की मारेल, यातलं काहीच ठाऊक नसताना काम उभं करायचं असतं.

मुलांची स्केचबुकातली आखणी सुरेख असते. घोळ होतो तो जागेवर. माणूस जवळ आला की दिवा लागावा म्हणून पीआयआर सेन्सर लावतात. तो अंगाची उष्णता सरकलेली ओळखतो. वीज दिल्यावर त्याला स्थिरावायला मिनिटभर लागतं, आणि हॉल पत्र्याचा, वेळ मार्चमधली दुपारची. भिंतही तापलेली आणि माणूसही, मग त्याला फरक कळेनासा होतो. सकाळी सात वाजता झकास चाललेलं काम दुपारी दोनला झोपलेलं असतं. दुसरा तो आवाजाच्या लहरी सोडून अंतर मोजणारा अल्ट्रासॉनिक. दोन सेंटिमीटरपासून चार मीटरपर्यंत मोजतो असं त्याच्या माहितीपत्रकात असतं, पण मऊ, घडीच्या कापडावरून लहर नीट परतत नाही. जीन्स घातलेल्या पोरांवर चाचणी घेतलेली असते, आणि प्रदर्शनाला आई-आजी साड्या नेसून, पदर घेऊन येतात. समोरासमोर दोन लावले तर एकाची लहर दुसरा आपली समजतो, ते वेगळंच.

हे सगळं सुटण्यासारखं आहे. फक्त त्यासाठी हॉल हातात हवा. आणि तोच मिळत नाही. आधी कुठलं तरी शिबिर, मग स्नेहसंमेलनाची तालीम, आणि चावी मुलांच्या हातात पडते उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी. रात्रभर पोरं शिडीवर. एका प्लगमध्ये तीन एक्स्टेन्शन, वायर जमिनीवरून आडवी, वर काळं कापड लावून केलेली अंधारखोली आणि तिला दार एकच. मी त्या हॉलच्या बोर्डात तीस मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच, बसवायला सांगितली, तर ऑफिसनं विचारलं, “हे कोणत्या हेडखाली टाकायचं?” मुलांनी वर्गणी काढून आणली.

गेल्या खेपेचं एक काम सांगतो. एका मुलीनं आमच्या सतारमेकर गल्लीतून तडकलेले, सतारीसाठी नाकारलेले भोपळे मागून आणले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण नाकारलेल्या भोपळ्याकडं कोण बघतो? तिनं ते वेगवेगळ्या उंचीवर टांगले, प्रत्येकात पायझोची, म्हणजे टिचकीची थरथर ओळखणारी, चकती चिकटवली. भोपळ्यावर बोट वाजवलं की आर्डुइनो, म्हणजे प्रोग्रॅम भरता येणारा छोटा सर्किट बोर्ड, तंबोऱ्याचा ध्वनिमुद्रित सूर सोडणार. स्पीकर कोपऱ्यात. पहिल्या दिवशी एक वयस्क कारागीर आले. त्यांनी भोपळा वाजवला नाही. दोन्ही हातांत धरला आणि कान लावला. आत काहीच नव्हतं. सूर लांबून कोपऱ्यातून आला, तशी त्यांनी मान हलवली आणि पुढं गेले.

त्या रात्री तिनं लहान स्पीकर भोपळ्यांच्या आत नेले. झालं, सगळे आपले आपण वाजायला लागले! आतल्या स्पीकरच्या थरथरीनं पायझोला वाटायचं कोणी टिचकी मारली, की पुन्हा सूर, पुन्हा थरथर. उपाय एका ओळीचा होता: सूर संपेपर्यंत पायझोकडं लक्षच द्यायचं नाही, असं प्रोग्रॅममध्ये लिहायचं. दुसऱ्या दिवसापासून लोक भोपळ्याला कान लावून रांगेत उभे राहिले. तेव्हा ते काम खरं पुरं झालं.

आणि तिचे मार्क? ते पहिल्या दिवशीच सकाळी लागून गेले होते, कारागीर यायच्या आधी.

माझं म्हणणं एवढंच आहे. तैलचित्र उद्घाटनाला असतं तसंच समारोपाला असतं, ते पहिल्या दिवशी तपासा. पण जे काम लोकांच्या हातांनी चालतं, ते लोक येऊन गेल्यावर तपासलं पाहिजे. बाहेरच्या परीक्षकांना शेवटच्या दिवशी दुपारी बोलवा. विद्यार्थ्याला विचारा, लोकांनी काय केलं, तू त्यावर काय बदललंस, वही दाखव. हॉल आठवडाभर आधी द्या आणि मधल्या एखाद्या दिवशी वर्गाबाहेरची माणसं आणून कामं हाताळू द्या. शिपाई, कँटीनवाल्या मावशी, शेजारच्या शाळेतली पाचवीची पोरं. पाचवीची आधी आणा. ती जे मोडणार नाहीत ते कोणीच मोडणार नाही.

यात वायर असलीच पाहिजे असं मुळीच नाही, हेही मला त्या मुलांनीच शिकवलं. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिल्पकला शिकलेल्या शिल्पा गुप्ता यांचं २००७ चं एक काम त्यांनी मोबाइलवर दाखवलं. ‘यात स्फोटक नाही’ अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर छापलेल्या बॅगा. लोकांनी त्या हातात घेऊन बाहेर रस्त्यावर चालायचं. मोटर नाही, सेन्सर नाही. पण ती बॅग घेऊन मिरज जंक्शनच्या फलाटावर उभं राहायचं धाडस मला तरी होणार नाही. माणसाला कामात ओढायचं म्हणजे काय, ते माझ्या डोक्यात त्या दिवशी शिरलं.

पुढच्या प्रदर्शनाची आखणी मुलं दिवाळीनंतर सुरू करतील. त्याआधी आपल्या दैनिकानं हा विषय प्राचार्यांपुढं आणि परीक्षा विभागापुढं मांडावा. वायरिंग तपासायला मी मोफत येईन, टेस्टर माझाच आणीन. फक्त आदल्या रात्री नऊला बोलावू नका.

एक निवृत्त वायरमन, मिरज
(नाव छापू नये, ही विनंती.)