बाबा, तुमची बाराखडी पाठवा

ती. बाबा आणि ती. आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर हे सगळं सांगायला घेतलं की तेवढ्यात दुकानात गिऱ्हाईक येतं आणि बोलणं अर्धवट राहतं. म्हणून लिहूनच पाठवते. बाबा, रात्री जेवणं उरकल्यावर निवांत वाचा.

इथे स्टुटगार्टला घराजवळ एक सार्वजनिक वर्कशॉप आहे. वर्गणी भरायची आणि तिथली यंत्रं वापरायची. तुम्ही दुकानात भांड्यांवर नावं कोरता, तसं ऑफिस सुटल्यावर मी तिथे लाकडावर लेझरने कोरायला शिकते आहे. काचेच्या नळीत कार्बन डायऑक्साईड, नायट्रोजन आणि हेलियम असतो, त्यातून वीज सोडली की किरण निघतो. तो डोळ्यांना दिसत नाही. आरशांवरून वळत वळत भिंगातून खाली उतरतो आणि जिथे पडतो तिथलं लाकूड जळून वाफ होतं. दिसतो तो फक्त एक पांढरा ठिपका आणि धुराची रेघ. हा लेझर १९६४ मध्ये अमेरिकेत बेल लॅब्समध्ये तयार केला तो कुमार पटेल यांनी. जन्म बारामतीचा, इंजिनिअरिंग पुण्यात! इथे हे कुणालाच माहीत नव्हतं. मी सगळ्यांना सांगितलं.

बटण दाबलं की झालं, असं लोकांना वाटतं. तसं अजिबात नाही. प्रत्येक नव्या लाकडावर आधी चौकोनांची जाळी कोरायची, एका बाजूने वेग वाढवत, दुसऱ्या बाजूने ताकद. एका टोकाला चौकोन नुसता पिवळसर, मध्ये गुळासारखा तांबूस, दुसऱ्या टोकाला काळा कोळसा. त्यातला आपला कुठला ते डोळ्यांनी आणि बोटांनी ठरवायचं. पाइनच्या लाकडात मऊ रेषा खोल जळतात आणि कठीण रेषा वर राहतात, त्यामुळे अक्षरावर पट्टे उठतात. बीचच्या लाकडावर मात्र अक्षर एकसारखं बसतं. भिंग आणि लाकूड यांच्यातलं अंतर थोडं जरी चुकलं तरी रेघ जाड आणि धुरकट होते. तुम्ही तांब्या मांडीवर घेऊन डाव्या हाताने हळूहळू फिरवता ना, ते अंतर राखणंच असतं, हे मला इथे आल्यावर उमगलं.

आता तुमचा पहिला प्रश्न: स्टीलवर चालतं का? या यंत्रावर नाही. हा किरण कोऱ्या स्टीलवरून बहुतेक परत फिरतो. धातूला फायबर लेझर नावाचा वेगळा लेझर लागतो, त्याच्या किरणाची तरंगलांबी या किरणाच्या सुमारे दहाव्या हिश्शाइतकी. दादा म्हणाला, तसलं यंत्र सांगलीत एका दुकानात आलंय आणि लग्नाच्या भांड्यांचं काम तिकडे जातंय. ते ऐकल्यापासून मला चैन नाही. पण बाबा, त्या कामाची नीट माहिती घेतली आहे. लेझरने स्टील तापवून काळं करतात. उष्णता जास्त झाली की त्या जागी स्टीलचं गंजापासूनचं संरक्षण कमी होतं, आणि रोज घासणीखाली येणाऱ्या भांड्यावर नेमका नावालाच गंज धरू शकतो. नीट सेटिंग केलं तर टळतं, पण ते करणारा माणूस हवा. तुमच्या नावं कोरायच्या थरथरणाऱ्या पेनाने स्टील तापत नाही. आजीच्या डब्यावरचं नाव अजून बोटाला लागतं.

दादाच्या मिरजेच्या मित्राला एक निरोप द्या, तातडीने. तंबोऱ्यावरची नक्षी लेझरने करावी असं त्याच्या मनात आहे. त्यावर सेल्युलॉइड या प्लास्टिकच्या पट्ट्या असतात, आणि सेल्युलॉइड क्षणात भडकतं. त्यावर लेझर चालवायचा नाही म्हणजे नाही. नक्षीतल्या नुसत्या लाकडी पानांचे तुकडे वेगळे कापून घेतले तर चालेल. आणि पीव्हीसी, रेक्झिन यंत्रात घालायचं नाही, त्यातून निघणारा वायू फुप्फुसांना घातक आणि यंत्रालाही गंजवतो.

आता मुख्य काम. इथे मराठी नाव कोरायला घेतलं की कॉम्प्युटर बरेचदा हिंदी वळणाचे ल आणि श देतो. आपले ल-श असलेले फॉन्ट मिळतात, पण ती छापील अक्षरं. शिवाय फॉन्टच्या अक्षराला नुसती कड असते. तशीच कोरली तर आतून पोकळ, दुहेरी रेघेचं अक्षर येतं. तुमचं अक्षर एका रेघेचं आहे. ‘सप्रेम भेट’ लिहिताना प्रे ची मात्रा जशी मागे झुकते, तशी मला कुठल्याच फॉन्टमध्ये दिसली नाही. मला तीच हवी आहे. तुमच्या रेघेच्या मधोमध यंत्राची रेघ चालवता येते, ते मी शिकले आहे. मग लाकडी पाट्या, पोळपाट, देवघराची दारं यांवर तुमच्या हातचं अक्षर कोरता येईल. दुकानात भांडी आहेतच, त्यांच्या जोडीला हे. यंत्राचं पुढच्या सुट्टीत बसून बोलू, कर्ज काढायची घाई करू नका.

कोऱ्या पांढऱ्या कागदावर काळ्या जेल पेनाने लिहा. अक्षर बोटाच्या पेराएवढं, दोन अक्षरांत भरपूर जागा. पूर्ण बाराखडी, ज्ञ, क्ष, त्र, श्र, र चे सगळे प्रकार, आकडे, आणि श्री., सौ., चि., कै., ‘यांजकडून’, ‘यांचे स्मरणार्थ’. शिरोरेषा नेहमीसारखी शेवटीच ओढा, सावकाश करायला जाऊ नका, दुकानात लिहिता त्या वेगानेच लिहा. आई, तू शेजारी बस आणि खाडाखोड केलेले कागद फाडू देऊ नकोस, तेही मला हवेत. मोबाईलच्या फोटोत कडा वाकतात, म्हणून दादाला झेरॉक्सवाल्याकडून स्कॅन करून ईमेल करायला सांगा.

तुमची,
लेक