दाबायची नाही अशी गोधडी

ब्रेमेन, जर्मनी, १२ जानेवारी

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

पोरगी तिकडे रॉकेटचं नेमकं काय करते, असं तू बाबांना विचारलंस म्हणे. फोनवर ते नीट सांगून होत नाही, म्हणून लिहिते. बाबा वाचून दाखवतील.

आजी, मी गोधड्या शिवते. खरंच.

रॉकेटच्या टाकीत द्रवरूप हायड्रोजन असतो, उणे २५३ अंशांवर. जराशी ऊब लागली की तो उकळतो आणि त्याची वाफ बाहेर सोडून द्यावी लागते. काही तासांचं काम असेल तर हे चालतं. मंगळापर्यंत जायला मात्र महिने लागतात, तेवढ्यात टाकी रिकामी व्हायची. म्हणून तिला पांघरूण.

केसाच्या दहाव्या हिश्शाइतकी पातळ प्लॅस्टिकची फिल्म, तिला ॲल्युमिनियमचा मुलामा आणि दोन थरांमध्ये मच्छरदाणीसारखी जाळी. असे तीस-चाळीस थर. तुझ्या गोधडीत हवा अडकते म्हणून ऊब राहते. इथे हवा अजिबात नको. उड्डाणात ती निघून जावी म्हणून थरांना बारीक छिद्रं पाडतात. मग उष्णता मुख्यतः किरणांनी येते आणि प्रत्येक चकचकीत थर तिला परत पाठवतो. मामाच्या गोठ्यावर डॉक्टर रेतनाचा कॅन आणायचे, झाकण उघडलं की पांढरं धुकं सांडायचं, आठवतं? त्यात उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन असतो, आणि कॅनच्या दुहेरी भिंतीत असंच पांघरूण.

नोव्हेंबरात माझ्या हातून चूक झाली. एका कोपऱ्याला फुगवटा आला होता. तू शिकवलंस तसा मी तो तळव्याने बसवला आणि टाके घट्ट ओढले. दिसायला सुरेख झालं! चाचणीसाठी टाकीत भरलेला नायट्रोजन मात्र अंदाजापेक्षा भराभर उडून गेला. थर एकमेकांना चिकटले की उष्णतेला वाट मिळते, आणि प्रत्येक टाका म्हणजे आत जाणारा एक पूलच. दोन दिवस उसवत बसले. फार वाईट वाटलं गं.

आता जाळीऐवजी प्लॅस्टिकचे इवलेसे खुंट ठरावीक अंतरावर ठेवून थर वेगळे राखायची पद्धत आली आहे. मला ती मनापासून पटते, कारण मग माझ्या हाताच्या दाबावर काही अवलंबून राहत नाही. मंगळावर विरळ का होईना पण हवा आहे, तिथे आमची गोधडी फिकी पडते. म्हणून तिथल्या गाड्यांत एरोजेल वापरलं. काल त्याचा तुकडा हातात घेतला. निळसर, गोठवलेल्या धुरासारखा, आणि वजन म्हणशील तर जाणवतच नाही. जवळजवळ सगळी हवाच, पण इतक्या बारीक छिद्रांत कोंडलेली की तिला हलता येत नाही. म्हणजे हे तुझ्या गोधडीचंच भावंड.

इथे थंडी खूप आहे. तुझ्या इरकलीची गोधडी रोज घेते. पायाकडची कड उसवली आहे, पण मी हात लावलेला नाही. मे महिन्यात पुण्याला येताना घेऊन येते, टाके तूच घाल. दोरा मात्र तोच लाल काढून ठेव.

तुझी,
मुक्ता