जुन्या कॉम्प्युटरात ग्राफिक्स कार्ड टाकणाऱ्यालाही पक्कं बिल द्या

माननीय संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात गेमिंग कॉम्प्युटरबद्दल कधीमधी छापून येते, पण ते बहुतेक वेळा लाखभराच्या नव्या मशीनचं असते. नागपुरातल्या किती घरात तेवढा पैसा एका कॉम्प्युटरवर घालतात? मी एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये काम करतो, राहतो मानेवाड्याला, आणि गल्लीतले, नात्यातले पोट्टे मला जे विचारून राहिले ते एकच, की काका घरी जुना पीसी आहे, सात-आठ हजार साठवले, कोणतं ग्राफिक्स कार्ड (गेमचं चित्र तयार करणारा भाग) टाकू म्हणजे गेम चालतील. या पोट्ट्यांसाठी कोणी लिहित नाही आणि बाजारात सगळ्यात जास्त गंडवले हेच जातात, म्हणून हे पत्र.

घरोघरी जे मशीन आहेत ते बहुतेक ऑफिसातून निघालेले डेल नाहीतर एचपीचे डबे, इंटेलचा आय५ प्रोसेसर, तिसरी नाहीतर चौथी जनरेशन, म्हणजे २०१२-१३ च्या काळातले, आठ जीबी रॅम, आणि गेम चालत नाही म्हणून घरच्यांनी कोपऱ्यात टाकलेले. साहेब, या मशीन अजून मेल्या नाहीत. चार कोरचा (कोर म्हणजे हिशोब करणारा भाग) आय५-३४७० किंवा ४५७० आजही व्हॅलोरंट, जीटीए फाइव्ह असे गेम ओढतो, त्याला फक्त बरं कार्ड पाहिजे, आणि हार्डडिस्क असेल तर तिच्या जागी एक एसएसडी (हार्डडिस्कपेक्षा खूप वेगाने चालणारी साठवण), कारण विंडोज उघडायलाच पाच मिनिटं लागत असतील तर कार्ड कितीही चांगलं असो, खेळणाऱ्याचा जीव वैतागतो. गेल्या वर्ष-दोन वर्षातले मोठे गेम यावर नीट चालणार नाहीत हे मी पोट्ट्यांना आधीच सांगून टाकतो.

आता गंडवागंडवी कुठून सुरू होते ते सांगतो. पोट्टं दुकानात जाते अन् म्हणते, भाऊ, चार जीबीचं कार्ड द्या. दुकानदार जीटी ७३० काढून देते, खोक्यावर मोठ्ठं ४ जीबी लिहिलेलं, नवं कोरं, वॉरंटी पण आहे. पोट्टं खुश. घरी नेऊन लावलं तर गेम पहिल्यासारखाच अडकत अडकत चालते. कारण ७३० हे २०१४ चं कार्ड आहे, ते दोन मॉनिटर लावायला, पिक्चर पाहायला ठीक आहे, त्यात चार जीबी मेमरी ठोकली म्हणून ते गेमिंगचं होत नाही. मेमरी किती आहे त्याआधी मेमरी कोणती आहे आणि चिप कोणती आहे ते बघावं लागते. जीटी १०३० चंच घ्या, एकाच नावाची दोन कार्डं, एकात वेगवान जीडीडीआर५ मेमरी आणि दुसऱ्यात साधी डीडीआर४. पहिल्याची मेमरी सेकंदाला ४८ जीबीच्या वेगाने डेटा देते, दुसऱ्याची १७ जीबीसुद्धा नाही, आणि नाव दोघांचं तेच. हे दुकानात कोण सांगते? आरटीएक्स ३०५० चं पण तसंच, आठ जीबीचं वेगळं आणि २०२४ मध्ये आलेलं सहा जीबीचं वेगळं, आठवालं जास्त जोरात आहे पण १३० वॅट खाते, सहावालं ७० वॅटमध्ये भागवते.

आणि हे वॅटचं प्रकरण सगळ्यात महत्त्वाचं आहे, माझं तर म्हणणं आहे की कार्डाचं नाव नंतर विचारा, आधी कॅबिनेट उघडून आत एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारी पेटी) कोणता आहे ते बघा. मदरबोर्डवरचा जो लांब स्लॉट असतो तो कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट देऊ शकते. त्याच्या वर लागले की एसएमपीएसमधून वेगळी वायर यावी लागते, सहा पिनची अजून ७५ देते, आठ पिनची १५०. ऑफिसवाल्या डब्यात ही वायरच नसते, त्यांचा एसएमपीएस कार्डासाठी बनलेलाच नसते, आणि बऱ्याच मॉडेलमध्ये मदरबोर्डला जाणारा कनेक्टर पण नेहमीच्या २४ पिनचा नसल्यामुळे बाजारातला कोणताही एसएमपीएस आणून लावता येत नाही. मग काही लोक काय करतात, हार्डडिस्कच्या साटा वायरला कन्व्हर्टर लावून त्यातून आठ पिन काढतात. हे अजिबात करू नका! साटाचा कनेक्टर १२ व्होल्टवर साडेचार अँपिअरचा असतो, म्हणजे ५४ वॅट, त्यातून १५० ओढायला गेलं की प्लॅस्टिक वितळते आणि घरात आग लागायची वेळ येते. असा कन्व्हर्टर खुशाल हातात ठेवणारे दुकानदार आपल्या शहरात आहेत हे बघून मला खरंच राग येतो.

असेंबल्ड मशीन असेल तर स्टिकरवरच्या ४५० वॅटवर पण जाऊ नका, त्याच स्टिकरवर १२ व्होल्टच्या रांगेत किती अँपिअर लिहिले ते बघा. समजा १६ लिहिले, तर १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट, एवढ्यातच प्रोसेसर अन् कार्ड दोघांचं भागवायचं आहे. यूपीएसचं पण लक्षात ठेवा, आपल्याकडे घरोघरी जो ६०० व्हीएचा असतो तो साधारण ३६० वॅटच देते, मोठं कार्ड टाकलं की लाइट गेल्याबरोबर तो ओरडून बंद पडते.

म्हणून ऑफिसवाल्या डब्यात ७५ वॅटच्या आतलंच कार्ड टाका, वेगळी वायर न लागणारं. पहिले लोक जीटीएक्स १०५० टीआय घ्यायचे, २०१६ चं, चार जीबी जीडीडीआर५, चांगलंच कार्ड होतं, पण आता मी ते घ्या म्हणत नाही कारण त्याची चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाने या १० सिरीजला नव्या गेमचे ड्रायव्हर (कार्ड चालवायला लागणारं सॉफ्टवेअर) देणं ऑक्टोबर २०२५ पासून थांबवलं, आता फक्त सिक्युरिटीचे अपडेट येतील तेही २०२८ पर्यंत. त्यापेक्षा जीटीएक्स १६५० शोधा, २०१९ चं आहे, तेवढ्याच विजेत जास्त जोर. फक्त घेताना उलटसुलट करून बघा कारण १६५० च्या काही मॉडेलला सहा पिन लागते. आरएक्स ६४०० पण छोटं, ५३ वॅटचं, आडव्या बारक्या डब्यात बसणारं मिळते, पण ते स्लॉटच्या चारच लेन (डेटा जायचे रस्ते) वापरते म्हणून आपल्या जुन्या मदरबोर्डवर त्याचा जोर कमी पडते, आणि त्यात व्हिडिओ रेकॉर्डिंगचा एन्कोडर नाही, ज्या पोट्ट्यांना खेळून यूट्यूबवर टाकायचं आहे त्यांनी ते घेऊच नये. पैसे थोडे वाढवता येत असतील तर सहा जीबीचं ३०५० सगळ्यात बिनघोर, पण त्या पैशात उद्या मशीन बदललं तरी कार्ड सोबत नेता येईल असा विचार करूनच घ्या. बारक्या डब्यात उंच कार्ड मावत नाही, लो प्रोफाइलचं लागते, हे तर मापूनच जा. आणि एक, घरचा मॉनिटर व्हीजीएचा असेल तर या कार्डांना व्हीजीएचं तोंड नसते, एचडीएमआय टू व्हीजीए कन्व्हर्टर सोबतच घ्या.

आता जुन्या कार्डांबद्दल. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या डिजिटल चलनाने कार्डांवरचं मायनिंग (कार्डाला हिशोब करायला लावून चलन कमावणं) बंद केलं, तेव्हापासून जगभरातून मायनिंगवाल्यांनी वापरलेली कार्डं बाजारात आली, त्यात आरएक्स ५८० आठ जीबी सगळ्यात जास्त. मायनिंगचं कार्ड वाईटच असते असं नाही, पण ते रात्रंदिवस चाललेलं असते, त्याचा पंखा झिजलेला, थर्मल पेस्ट (चिपची उष्णता बाहेर नेणारा लेप) वाळलेली असते, आणि वरून आपलं नागपूर! नवतप्यात बाहेर ४५ असते, वरच्या मजल्यावरच्या खोलीत पंखा फिरत असला तरी गरम हवाच फिरते, तिथे १८५ वॅटचं कार्ड लावलं की पुण्यात ठीक चालणारं कार्ड इथे मे महिन्यात ८५-९० डिग्रीला जाऊन स्वतःचा वेग कमी करते. लोक मग कॅबिनेटचं झाकण काढून कूलरच्या समोर ठेवतात. ते पण करू नका, कूलरची हवा ओली असते, ओलीवर धूळ चिकटते आणि पंखा अन् हीटसिंक (उष्णता सोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या) लवकर चोंदते. झाकण लावून ठेवा, मागे एक पंखा हवा बाहेर फेकणारा लावा, पेस्ट बदलून घ्या, आणि उन्हाळा लागायच्या आधी ब्लोअर मारा. ५८० मध्ये अजून एक भानगड आहे, २०१८ मध्ये चीनसाठी काढलेलं २०४८ कोरचं ५८० वेगळं आणि मूळचं २३०४ कोरचं वेगळं, खोक्यावर दोन्हीकडे ५८० च दिसते.

आणि काही कार्डं तर सरळ बनावट असतात. माझ्या नात्यातल्या एका पोट्ट्याने बर्डीतल्या (सीताबर्डी बाजारातल्या) एका दुकानातून १०५० टीआय म्हणून कार्ड आणलं, बिल नाही, कच्ची चिठ्ठी. विंडोजमध्ये नाव बरोबर १०५० टीआय दाखवे. मी जीपीयू-झेड नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर टाकून पाहिलं तर नावाच्या आधीच त्याने फेक असं लिहून दाखवलं, आत चिप निघाली २०१० च्या जीटीएस ४५० ची, तिचं बायोस (कार्डाच्या आतलं सॉफ्टवेअर) बदलून नवं नाव टाकलेलं. पोट्ट्याने सुट्टीत काम करून ते पैसे जमवले होते. दुकानात परत गेले तर म्हणे विकलेला माल परत नाही, टेस्टिंग वॉरंटी संपली.

साहेब, यात कायदा ग्राहकाच्या बाजूने आहे पण ते कोणाला माहीत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये जुनी किंवा दुरुस्त केलेली वस्तू नवी म्हणून विकणं ही अनुचित व्यापारी प्रथा म्हटली आहे, बिल न देणं पण त्यातच येते. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, नागपुरात जिल्हा ग्राहक आयोग आहे. पण हे सगळं करायला हातात कागद पाहिजे, आणि अठरा टक्के जीएसटी वाचवतो म्हणून दुकानदार कच्च्यात देते तेव्हा त्या पोट्ट्याचा तोच कागद जातो. बर्डीत चांगले दुकानदार पण आहेत, मी ओळखतो, ते समोर लावून दाखवतात, या मशीनला हे कार्ड चालणार नाही म्हणून गिऱ्हाईक परत पाठवतात. माझी मागणी एवढीच आहे की हे सगळ्यांनी करावं. जुनं कार्ड असेल तर बिलावर जुनं असं लिहा, कार्डाचा सिरियल नंबर टाका, आणि दुकानातच अर्धा तास फरमार्क (कार्डावर पूर्ण ताण देणारं सॉफ्टवेअर) लावून टेम्परेचर अन् स्क्रीन गिऱ्हाइकाला बघू द्या, स्क्रीनवर ठिपके-रेघा आल्या तर तिथेच कळेल. जो दुकानदार अर्धा तास थांबू देत नाही त्याच्याकडून जुनं कार्ड घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आईबापांना पण दोन शब्द, कारण पुष्कळ घरात गेम म्हटलं की जुगार समजून राहिले. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम बंद करणारा कायदा ऑगस्ट २०२५ मध्ये आला, त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्स वेगळे धरले आहेत. पोट्टं किती वेळ खेळते ते तुम्ही बघा, जरूर बघा, पण त्याला कार्ड घ्यायला एकट्याला पाठवू नका. सोबत जा, बिल मागा. सतरा-अठरा वर्षांच्या पोराला दुकानदार जे बोलते ते त्याच्या बापाला बोलत नाही.

आपल्या पेपरला विनंती आहे की टेक्नॉलॉजीच्या पानावर महिन्यातून एकदा तरी जुन्या मशीनसाठी जागा द्या, त्यात त्या महिन्यात कोणतं कार्ड किती वॅटचं, कोणत्या डब्यात बसते, बाजारात नवं अन् जुनं काय भावाने मिळते एवढं छापा. माहिती गोळा करायला, तपासायला मी आणि लॅबमधले आमचे दोघे-तिघे बिनापैशाने मदत करू, पत्ता पत्रासोबत वेगळा दिला आहे.

आपला,
एक नियमित वाचक
मानेवाडा, नागपूर